सहा वाजून चाळीस

३ ऑगस्ट २०२३, गुरुवार. सकाळी ७.१०
अबेनाला जाऊन वर्ष व्हायला बहात्तर दिवस उरले. वर्षाच्या विधीला तिच्या कुळाची माणसं छापील पुस्तिका वाटतील. मागची, अंत्यविधीची पुस्तिका मेहुणीने, अद्वोआने लिहिली होती. तीत अकरा चुका. पहिलीच जन्मतारखेची: १२ मार्च १९६९. त्या दिवशी बुधवार होता. आमच्यात नाव जन्मवारावरून पडतं; बुधवारच्या मुलीचं नाव अबेना कसं असेल? अबेना मंगळवारची, म्हणजे ११ मार्च. मी शाळा सहावीत सोडली, बाकी सगळं स्वतः शिकलो. कोफोरिदुआत घड्याळं दुरुस्त करतो. एका दिवसाची चूक मला झोपू देत नाही.
संकल्प: तिच्या शेवटच्या संध्याकाळची माझी गोष्ट त्याआधी एखाद्या मोठ्या त्रैमासिकात छापून आणायची. मग तीच पुस्तिकेत. छापलेलं कुणी खोडत नाही.

९ ऑगस्ट, बुधवार
अक्राच्या त्रैमासिकाकडून साभार परत. संपादकबाई लिहितात, तपशील थक्क करणारे आहेत, शेवटचा प्रसंग मात्र पटत नाही. म्हणजे जवळजवळ घेतलीच.
शेवटचा प्रसंग असा: दवाखाना. मी खाटेशी बसलोय. तिचा हात माझ्या हातात. भिंतीवर सहा चाळीस. ती मला नावाने हाक मारून म्हणते, याव, तुझं नाव होईल. आणि डोळे मिटते.
भिंतीवरच्या घड्याळाची कंपनी लिहिली नव्हती. त्यानेच पटलं नसणार. घातली. ते घड्याळ मीच दुरुस्त केलेलं आहे, दीड मिनिट पुढे असतं.

१७ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी
गोष्ट मोठ्याने वाचून पाहिली. ‘तिचा हात माझ्या हातात’ इथे आलो तेव्हा मागच्या खोलीत कुणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. शेजारचा कोफी असणार, तो फार सिगारेट ओढतो.

१८ ऑगस्ट
कोफी दहा दिवसांपासून कुमासीला आहे, असं त्याची बायको म्हणाली. पुन्हा वाचली. पुन्हा तिथेच. मी थाप मारली की अबेना असंच खोकायची, पण त्याचा इथे संबंध नाही. आता मनात वाचतो. मोठ्याने वाचल्याने वाक्याची लय बिघडते.

२ सप्टेंबर, शनिवार
नैरोबीहून साभार परत. ‘ही बाई मरताना असं बोलेलसं वाटत नाही.’ बावीस वर्षं संसार मी केला की नैरोबीने?
इथे खाजगीत नोंद करायला हरकत नाही. मी खाटेशी म्हणजे अगदी खाटेशीच होतो असं नाही. इंटरनेटच्या दुकानात होतो. एका कथास्पर्धेची मुदत सात वाजता संपत होती आणि फाइल चढत होती. दुकान ते दवाखाना चारशे वीस पावलं. नंतर मोजली. साहित्यात एवढं अंतर धरत नाहीत.

२० सप्टेंबर, बुधवार
लागोसला ११.०४ ला पाठवली. ११.२३ ला नकार. एकोणीस मिनिटांत निर्णय घेणारा संपादक हुशारच म्हणायचा.
आजकाल मनात वाचलं तरी मागच्या खोलीतून खोकला येतो.
‘हात’ काढून ‘बोटं’ केलं. उपयोग नाही.

२३ सप्टेंबर
सहा बावीसला अद्वोआचा फोन आला होता. दाजी, निघा, ती विचारतेय. मी म्हटलं, पाच मिनिटं. सहा एकतीसला पुन्हा. म्हटलं, सत्तर टक्के झालंय. माझ्या जागी कुठलाही लेखक हेच म्हणाला असता. एखादा तरी.

३० सप्टेंबर, शनिवार
कुळाची बैठक. त्रैमासिकांची वाट न बघता गोष्ट थेट तिथेच सादर केली. कुळाचे थोरले ओपान्यिन अजेई यांनी चष्मा पुसून अकराही पानं वाचली. म्हणाले, जावईबापू, खाटेच्या लोखंडाचा रंगसुद्धा दिलात. आमची पोरगी कुठल्या पानावर आहे?
अद्वोआ म्हणाली, दाजी, तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. तुमच्या वाट्याला कुठला आला?
मी म्हटलं, दुसरा.
ती म्हणाली, दुसऱ्यात सलाईन होतं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ठरलं की पुस्तिका अद्वोआच लिहील. निघताना थोरल्यांनी माल्टच्या गोड पेयाची थंड बाटली हातात दिली. म्हणजे कुळाकडूनही साभार परत.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
संकल्प: गोष्ट तृतीयपुरुषी करणे. म्हणजे खाटेशी बसलेला माणूस मीच, असं कुणी म्हणू शकणार नाही.
केली. खोकला आता वाचायच्या आधीच येतो.

१४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी
वर्ष झालं. दुखवट्याचे काळे कपडे उतरवून सगळ्यांनी पांढरे घातले. मंडप, ढोल, दोनशे खुर्च्या. पुस्तिका चार पानांची. चुका शोधल्या. एकही सापडली नाही. माझ्याबद्दल एकच ओळ: पती, घड्याळ दुरुस्ती. शेवटच्या संध्याकाळबद्दल काहीच नाही. अद्वोआने ती जागा कोरी सोडली होती.
माणसं गेल्यावर ती खुर्च्या एकात एक घालत होती. मी धरायला लागलो. वर्षभरात विचारलं नव्हतं ते विचारलं, शेवटी ती काय म्हणाली.
अद्वोआ काम न थांबवता म्हणाली, तुमचंच. दोनदा विचारलं, त्याचं गेलं का गं पाठवून? मी म्हटलं, गेलं. मग बरं म्हणाली आणि भिंतीकडे वळली.
मी आणखी सहा खुर्च्या लावल्या.
गेलं नव्हतं. ब्याऐंशी टक्क्यांवर लाइट गेली होती.