जोडीदार सोडायचा नाही

४ मे, सोमवार. संध्याकाळी.

रजा मंजूर. साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, तुम्ही आणि स्पीडबोट? मी नुसता हसलो. इतकी वर्षं पाणीपुरवठा खात्यात वॉल्व्ह फिरवतोय. शहराचं पाणी मी सोडतो, मीच बंद करतो. समुद्र झाला म्हणून काय झालं? पाणी आणि मी एकाच खात्यातले.

सहलीचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे मनात गोंधळ नको. बायकोला नोकरी चालून आलीय. मुलगी ज्या शहरात असते तिथल्या मुलींच्या वसतिगृहात, मेट्रन म्हणून. राहायला खोली मिळणार. पंधरा तारखेच्या आत कळवायचं आहे. महिनाभर ही एकच विचारतेय: अहो, जा म्हणा, नको म्हणा, पण काहीतरी म्हणा.

अशा गोष्टी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बोलायच्या नसतात. त्याला वातावरण लागतं. म्हणून समुद्र. बोटीवर, वाऱ्यात, मी शांतपणे सांगणार की जाऊ नकोस. कारणंही सांगणार. कारणं अजून सुचायची आहेत.

संकल्प: रोज पहाटे ध्यान. श्वास रोखण्याचा सराव. हिच्याकडे लक्ष देणे.

५ मे, मंगळवार.

ध्यान झालं. मध्ये झोप लागली, पण ती ध्यानातलीच होती.

बादलीत तोंड घालून श्वास रोखला. चाळीसपर्यंत मोजलं. भरभर मोजलं हे खरं. डोकं वर काढलं तर ही न्हाणीच्या दारात. म्हणाली, अहो, एक विचारायचं होतं. मी हात वर करून थांबवलं, कारण पुढचा श्वास घेत होतो. परत वर आलो तेव्हा ती नव्हती. महत्त्वाचं असतं तर थांबली असती.

दुपारी पंपघरातला फिटर म्हणाला, दादा, विहिरीतलं पोहणं वेगळं. त्याच्या मेहुण्याच्या ओळखीचा एक जण गेल्या साली असाच मासे बघायला उतरला. नंतर नुसता मास्क सापडला. मी म्हणालो, पट्टा नीट आवळला नसेल. फिटर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मुद्दा पटला असावा.

६ मे, बुधवार.

ध्यान राहिलं. रात्रपाळी होती.

ड्यूटीवर भाषणाचा सराव केला. गाळ बसवायच्या टाकीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. पाणी अगदी निश्चल. मी म्हटलं, अगं. समोरच्या भिंतीवरून अगं परत आलं. पुढचं सुचेना. ही टाकी मी रोज बघतो. तिचा तळ दिसत नाही हे आजच लक्षात आलं. लवकर पंपघरात आलो. तिथं कामही होतं.

हिनं बॅग भरली. दोन मुक्कामांसाठी कपाटाचा वरचा कप्पा पूर्ण रिकामा केला. हिवाळ्याची शालसुद्धा घेतली. हिला आटोपशीर बॅग भरता येत नाही, हे मी लग्नापासून सांगतोय.

८ मे, शुक्रवार. लॉजवर.

पोचलो. खोली बरी आहे. खिडकी थेट समुद्रावर. तिची कडी मोडलीय, सुतळीनं बांधून ठेवलीय. चादरी दमट. आरशावर खाऱ्या हवेचे डाग पडलेत, त्यामुळे चेहरा अर्धाच दिसतो. मला पुरतो.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. वारा पूर्ण पडलेला. समुद्र तेल ओतल्यासारखा, जरा हलत नव्हता. पायऱ्यांशी कुणाची तरी एक चप्पल तरंगत होती. एकच. ही तिच्याकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, चल.

बोटवाला उंच, काटकुळा, तोंडात काडी. म्हणाला, सकाळी लवकर या, दुपारनंतरचा भरवसा देत नाही. मी म्हणालो, भरवसा देवावर. तो म्हणाला, काका, देव जॅकेट देत नाही, ते आम्ही देतो. माणूस उद्धट आहे.

परतताना हिनं विचारलं, मला पोहता येत नाही, माहीत आहे ना तुम्हाला? म्हणालो, माहीत आहे की. (नव्हतं. पण आता मुलगी नोकरीला लागल्यावर असं कबूल करणं बरं दिसत नाही.)

भाषणाचे चार मुद्दे तयार. पहिला घरखर्च. दुसरा वय. तिसरा लोक काय म्हणतील. चौथा जमला तर प्रेम.

९ मे, शनिवार. पहाटे.

ध्यान उत्तम. समुद्राचा आवाज येत होता तो मध्येच थांबला. एकदम शांत. मला प्रसन्न वाटलं. ही म्हणाली, मला नाही आवडली ही शांतता. हिच्या मनाला एकाग्रतेची सवय नाही.

९ मे, दुपारी.

सहल चांगली झाली. एक छोटासा प्रकार सोडला तर. क्रमानं लिहितो.

बोटीत आम्ही आठ जण. समोर एकटीच आलेली एक निवृत्त नर्स, बांध्यानं साधारण हिच्याएवढी. सगळ्यांना केशरी जॅकेट, मास्क, तोंडात धरायची नळी आणि पायांत पिवळे फिन्स, बेडकाच्या पायांसारखे. बोटवाल्यानं नियम सांगितला: जोडीनं राहायचं. जोडीदार सोडायचा नाही. वर आलात की मी विचारीन, जोडीदार आहे का? असला तर अंगठा दाखवायचा. मी म्हणालो, आमची जोडी जुनी आहे. लोक हसले. ही नाही हसली.

बोट सुटली. पाण्यावर अशी आपटत होती की मणका न् मणका वेगळा कळत होता. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून भाषण परतीच्या वाटेवर ढकललं. दूर आकाशाच्या कडेला पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ होती. बोटवाल्यानं ती बघितली आणि काडी थुंकली.

उतरलो. पाणी गार. हिनं माझा हात घट्ट धरला होता. मास्क सारखा करायचा म्हणून मी तो सोडवला. आणि तोंड पाण्यात घातलं.

काय लिहू! खाली उन्हाच्या पट्ट्या हलत होत्या. निळे मासे घोळक्यानं जात, थांबत, वळत. आवाज फक्त माझ्याच श्वासाचा. आमच्या खात्याचं पाणी असं असतं तर तक्रारवही कोरी राहिली असती. देवाचं नाव घ्यायचीही गरज उरली नाही. मी नाही, ही नाही, कुणीच नाही, असं वाटलं. पुढं हिचे पिवळे फिन्स हलत होते. त्यांच्यावरून मी नजर काढली नाही, हे देवाशप्पथ लिहितो. पुढं खडक संपला आणि खाली एकदम काळं सुरू झालं. तिथून गारवा वर येत होता. मी फिन्सच्या मागं वळलो.

तेवढ्यात वरून आरडाओरडा. वारा फिरला, चला, चढा चढा! घाई झाली. फिन्स माझ्या पुढंच शिडी चढले. बोटवाला ओरडला, काका, जोडीदार? मी अंगठा दाखवला. बोट निघाली.

ही कोपऱ्यात बसली होती. डोक्यावरून टॉवेल, मान गुडघ्यांत. मला वाटलं, मन भरून आलंय. हीच वेळ. शेजारी सरकलो आणि कानाशी बोलायला लागलो. वारा माझ्या बाजूनं होता. घरखर्च झाला, वय झालं, लोक झाले. चौथ्या मुद्द्याला आलो आणि मुद्दाच हरवला. भलतंच बोलू लागलो. म्हणालो, अगं, टाकीवर एकट्यानं ड्यूट्या करून माझी जीभ जड झालीय. तू विचारतेस ते ऐकू येतं, फक्त उत्तर वर येत नाही. म्हणालो, तू गेलीस तर मी जेवेन, झोपेन, कामावर जाईन, आणि मी आहे हे कुणालाच कळणार नाही. म्हणालो, मला भीती वाटते. खांदा थरथरत होता. मी त्यावर हात ठेवला. आयुष्यात इतकं नीट मी कधी बोललो नाही.

टॉवेल बाजूला झाला. नर्सबाई. बोट लागून चेहरा हिरवा पडलेला. म्हणाल्या, भाऊ, फार चांगलं बोललात हो. पण तुमची बायको कुठंय?

बोट वळवली.

मधल्या वेळाचं फार लिहीत नाही. ती रेघ आता अर्धं आकाश झाली होती. लाटा काळ्या. आठ माणसांच्या बोटीत सात माणसं. बोटवाल्यानं मला एक शिवी दिली. मग म्हणाला, अंगठा कशाला दाखवलात? मी देवाचं नाव घ्यायला गेलो. ते आठवेना. इतक्या वर्षांचं रोजचं नाव, आणि आठवेना.

ही सापडली. समुद्रात खुणेला एक मोठा तरंगता गोळा बांधलेला असतो. त्याच्या दोराला दोन्ही हातांनी मिठी मारून होती. मास्क नव्हता. लाट डोक्यावरून जायची, आणि मग पुन्हा डोकं दिसायचं. दोघांनी मिळून वर ओढली. दोर धरलेली बोटं उघडेनात, एकेक करून सोडवावी लागली. नर्सबाई आपलं मळमळणं विसरून तिला पालथं निजवून पाठ चोळायला लागल्या.

हिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी म्हणालो, अगं, मी इथंच होतो.

९ मे, संध्याकाळी.

डॉक्टर येऊन गेले. पोटात पाणी गेलंय, तळहात सोलवटलेत. बाकी ठीक. म्हणजे तसं काहीच झालं नाही.

दोष कुणाचा, याचा शांतपणे विचार केला. सगळ्यांना एकाच रंगाचे फिन्स देणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. नर्सबाईंनी आधी बोलायला हवं होतं. डोकी मोजणं हे बोटवाल्याचं काम, ते त्यानं प्रवाशांवर ढकललं. उद्या लेखी तक्रार देणार.

मुलीचा फोन आला. ही सांगत होती, तुझे बाबा ध्यानात होते. आणि हसली. पुष्कळ हसली, खोकला येईपर्यंत. हसण्यावारी नेलं, म्हणजे संकट टळलं. उद्या बसमध्ये भाषण पुन्हा. मुद्दे तेच.

१० मे, रविवार. घरी.

तक्रार दिली नाही. बोटवाला धक्क्यावर होता, म्हणून आम्ही मागच्या रस्त्यानं स्टँडवर गेलो.

बसमध्ये मी विचारलं, अगं, हाक का नाही मारलीस? म्हणाली, जॅकेटला शिट्टी होती. तोंडाजवळच. मला हायसं वाटलं. म्हणालो, मग वाजवायची ना! म्हणाली, आधी वाजवलीच नाही. तुम्ही शिडी चढताना दिसलात. तेव्हा हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण म्हटलं बघू, मागं वळतात का. बोट सुरू झाली तरी बघत होते. ती लहान झाली, तेव्हा वाजवली. फार जोरात वाजवली. तोवर वारा उलटा झाला होता.

हे तिनं, उद्या दूध जास्त घ्यायला हवं, अशा आवाजात सांगितलं.

मी भाषणाला तोंड उघडलं. अगंपर्यंत पोचलो. मागच्या सीटवरचा माणूस जागा होता. शिवाय घाट होता.

१३ मे, बुधवार.

ध्यानाला बसतो, पण डोळे मिटले की खाली काळं दिसतं. डोळे उघडे ठेवून ध्यान करण्याचीही एक पद्धत आहे म्हणतात.

हिनं वसतिगृहाला अजून कळवलेलं नाही. मीही विषय काढला नाही. परवा पंधरा तारीख. ती निघून गेली की प्रश्न आपोआप मिटेल. घाई करणं माझ्या स्वभावात नाही. सहलीची बॅग तशीच दाराशी पडलीय. उघडायचा आळस करतेय.

१५ मे, शुक्रवार.

सकाळी वॉल्व्हवर होतो तेव्हा हिनं फोन करून त्यांना कळवलं. येते म्हणून. मला संध्याकाळी सांगितलं. मी म्हणालो, बरं. नंतर बऱ्याच वेळानं म्हणालो, विचार करून कळवलंस ना? ती म्हणाली, विचार करायला वेळ मिळाला होता तिथं.

तरी रविवारच्या तिच्या बसला अजून दोन दिवस आहेत. दोन दिवसांत पुष्कळ बोलता येतं.

१६ मे, शनिवार.

जादा पाळी घेतली. फिटरच्या घरी अडचण होती. म्हणजे असावी.

१७ मे, रविवार.

स्टँडवर सोडायला गेलो. सामान वर चढवलं. ही खिडकीशी बसली. तळहातांना अजून पट्ट्या आहेत. ड्रायव्हर चढला तेव्हा तिनं खिडकीची काच सरकवून विचारलं, अहो, काही म्हणायचंय?

पुष्कळ होतं. पाण्यावर एकदा सगळं जिभेवर आलं होतं. आता त्यातला एक शब्द वर येईना. ती थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी थांबली.

मी म्हणालो, पाण्याची बाटली घेतलीस ना?

म्हणाली, घेतली.

आणि काच लावून घेतली.