फाउस्तिनोची पाच मिनिटं

३ जून, मंगळवार
क्विलोताहून सकाळच्या बसने वालपाराइसोला पोचले. एक पिशवी कपड्यांची, एक पुस्तकांची. पुस्तकांचीच जड होती. फाउस्तिनोची खोली टेकडीवर, निळ्या पत्र्याच्या घरात वरच्या मजल्यावर आहे. वीस वर्षं तो आठवड्यातले चार दिवस इथे राहायचा, आणि मी ती आज पहिल्यांदा पाहिली. खिडकीतून बंदर दिसतं. टेबल मोठं आहे, वाचायला चांगलं.

खाली पावाच्या दुकानात नाव सांगितलं, तर दुकानदारीण बाहेर येऊन गळ्यातच पडली. अगं बाई, तुम्हीच का त्या, म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पाव फुकट दिला. माझ्या नवऱ्याला माणसं जोडता येत होती. बरं वाटलं. एप्रिलमध्ये तो गेल्यापासून आज पोटभर जेवले.

६ जून, शुक्रवार
कामाला लागले. ज्या हॉलमध्ये फाउस्तिनो लोकांना हसवायचा, तिथेच. मालकीण लिओन्तिनाबाईंनी स्वतः पत्र पाठवून बोलावलं होतं. पूर्वीचं गोदाम आहे, शंभर खुर्च्या, शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सातला कार्यक्रम. माझं काम दिव्याचं. प्रेक्षकांच्या मागे भिंतीशी स्टुलावर बसायचं, मांडीवर लाल दिवा, हातात घड्याळ. बोलणाऱ्याचं एक मिनिट उरलं की दिवा एकदा लुकलुकवायचा. वेळ संपली की पेटवून ठेवायचा, तो खाली उतरेपर्यंत. बाई म्हणाल्या, ही हसवणाऱ्यांची जात बायकोचं ऐकत नाही, पोलिसांचं ऐकत नाही, फक्त दिव्याचं ऐकते. दिवा वेळेवर लागला नाही तर बोलतच राहतात मेले.

मागच्या खोलीत हे लोक एकमेकांच्या विनोदांना हसत नाहीत. सुतकी चेहऱ्याने ऐकतात आणि चालेल म्हणतात. एवारिस्तो म्हणून एक किडकिडीत म्हातारा आहे, फाउस्तिनोचा दोस्त. म्हणाला, वहिनी, दिवसभर मासे कापणारा घरी जाऊन मासे खातो का हो?

७ जून, शनिवार
मला बरं वाटावं म्हणून आज एवारिस्तो आणि हावियेरा (तरुण पोरगी, फार तिखट बोलते) यांनी फाउस्तिनोचे गाजलेले विनोद म्हणून दाखवले. सगळे माझ्यावर आहेत.

मी ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचते, ते. पुस्तक संपल्यावर रडते आणि चुलीच्या धुराचं नाव सांगते, ते. शाळा मला मिळाली नव्हती. अक्षरं मी तिसाव्या वर्षी एकटीने शिकले. मग तीन ताटांचा. आमच्या बायकोला दोनपर्यंत मोजता येत नाही, घरात माणसं दोन, ही रोज ताटं मांडते तीन. हा सगळ्यात गाजलेला, म्हणे. लोक फर्माईश करायचे.

आमची मुलगी अकरा दिवस जगली. त्यानंतर वर्षभर मी तिसरं ताट मांडत होते.

हे मी त्यांना सांगितलं. एवारिस्तोने टोपी काढून हातात धरली. त्याला ठाऊकच नव्हतं, कुणालाच नव्हतं. तू समोर बसलीस तर माझी जीभ अडखळते, असं सांगून फाउस्तिनोने मला इथे कधी येऊ दिलं नाही. मला ते प्रेम वाटायचं.

८ जून, रविवार
आज त्याची पाच मिनिटं होती. इथली रीत अशी की कुणी गेला तर त्याला एक शेवटची पाळी देतात. यादीत नाव लिहितात, पुकारतात, माइक उभा करतात, उजेड टाकतात. मंचावर कुणी नसतं. पाच मिनिटं हॉल गप्प बसतो. मग लाल दिवा लागतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि नावावर काट मारतात. तो उतरला, असं म्हणतात.

चौथ्या मिनिटाला मी दिवा लुकलुकवला. पाचव्याला बोट बटणावर होतं. दाबलं नाही. मनात म्हटलं, फाउस्तिनो, एवढी माणसं समोर आहेत, मीही आहे. एकदा तिचं नाव घे. अकरा दिवस तिला एक नाव होतं. ते तू परत कधी उच्चारलं नाहीस. विनोद न करता एकदा घे आणि मग जा.

सहा मिनिटं झाली, सात झाली. शेवटी एवारिस्तोनेच टाळ्या सुरू केल्या. दिवा का नाही लागला, असं बाईंनी विचारलं. बल्ब गेला, मी म्हणाले.

१३ जून, शुक्रवार
हावियेरा दातांच्या डॉक्टरवर बोलत होती. मध्येच थांबली. मग फाउस्तिनो बोलायचा तशा जड आवाजात, प्रत्येक शब्द ओढत म्हणाली, आमची बायको माझा मळका सदरा धूत नाही, उशीखाली घेऊन झोपते; साबण वाचवते, लोक हो! हॉल कोसळला हसून.

फाउस्तिनोचा सदरा बुधवारी खोलीत सापडला होता, तेव्हापासून माझ्या उशीखाली आहे. कुणाला सांगितलेलं नाही.

नंतर पोरगी मला विचारत होती, मावशी, मी काय बोलले? मला काहीच आठवत नाही. तिचे हात बर्फासारखे होते.

१४ जून, शनिवार
आज एवारिस्तो. मासळीबाजारावर बोलता बोलता तोंड डावीकडे वाकडं झालं. हसताना फाउस्तिनोचं व्हायचं तसं. म्हणाला, बल्ब गेला म्हणते! वीस वर्षं खोटं बोलायला शिकवलं, तरी कच्चीच!

मी दिवा पेटवला आणि तसाच धरला. त्याने सरळ दिव्याकडे पाहिलं, डोळा मारला आणि बोलत राहिला. बावीस मिनिटं. शेवटी बाईंनी वीज तोडली तेव्हा एवारिस्तो जमिनीवर बेशुद्ध पडला होता.

बाईंना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, दिवा त्याच्याच वेळेवर लागायला हवा होता गं. आता त्याच्या लेखी त्याची पाळी संपलेलीच नाही. दिवा कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. हॉल बंद.

१५ जून, रविवार
हॉल नाही तर दुकान. दुकानदारीण पाव तोलता तोलता त्या आवाजात म्हणाली, घरी जा, ताटं मांडून ठेवलीत. रांगेतली माणसं हसली. लहान मुलंसुद्धा.

घरी आले. टेबलावर तीन ताटं. मी मांडलेली नाहीत.

१६ जून, सोमवार
बाहेर गेले नाही. भरदुपारी भिंतीपलीकडे हशा. मोठा, शंभर माणसांचा. पलीकडची खोली रिकामी आहे, मी बघून आले —

आवाज बुडवायला मोठ्याने वाचायला बसले. बोट ओळीवर ठेवलं मात्र, पुन्हा हशा. बोट उचललं, तर शब्द हलतात —

१७ जून, मंगळवार
सकाळपासून तो बोलतोय. मी वहीत लिहिते ते, लिहिण्याआधी सांगतो. लोक हसतात.

मीच म्हटलं, मोठ्याने, फाउस्तिनो, तिचं नाव घे आणि उतर. सगळं गप्प झालं. मला वाटलं —

मग म्हणाला, अगदी साधेपणाने म्हणाला, मला आठवत नाही गं. काय होतं?

कुणी हसलं नाही. थोडा वेळ. मग हसले.

पानावर लाल उजेड पडला. एकदा. गेला.

दिवा कपाटात आहे, किल्ली बाईंच्या गळ्यात — मागे वळायचं नाही — तो मागे आहे, भिंतीशी, स्टुलावर बसल्यासारखा श्वास — म्हणजे दिवा त्याच्या हातात. म्हणजे पाळी माझी. एक मिनिट.

त्याला आठवत नाही. मी गेले तर कुणालाच — या वहीत मीही ते अजून लिहिलेलं नाही — अक्षरं माझी आहेत, मी शिकलेली —

पान लाल झालं. आता विझत नाही —

तिचं नाव