घे बाई, घाल बाई

३ ऑगस्ट २०२५, रविवार

पोचलो एकदाचे ग्वाल्हेरला! गाडी लेट, घामाच्या धारा, एका बॅगेचं चाक निखळलेलं, आणि तरी मी खूश आहे. हरिशंकरपुरममध्ये वरचा मजला मिळालाय. दोन खोल्या, गच्ची आणि जिन्याच्या तोंडाशी आमचं स्वतंत्र दार. खाली घरमालक महिपतराव आणि शांताताई राहतात. यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले आणि महिपतराव स्वतःही फौजेतूनच निवृत्त झाले. शांताताईंनी कचोरी पुढे केली नि म्हणाल्या, "तू तर एकदम थकून गेली असशील, आधी बैस, मग बाकीचं होत राहील." शब्द मराठी, चाल हिंदी. मला तर फारच गोड वाटलं.

सोनिका सहा वर्षांची आहे, नुकती वाचायला शिकलीय. दिसेल त्या अक्षरांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचल्याशिवाय तिला पुढे जाववत नाही. स्टेशनपासून इथपर्यंत तिनं रिक्षावाल्याला बाजारातल्या यच्चयावत पाट्या वाचून दाखवल्या. बिचारा "वाह बेटा" म्हणून म्हणून दमला. तिचा बाबा यशोधन जहाजावर आहे, डिसेंबरात उतरेल. तोवर आम्ही दोघीच.

उद्यापासून इथल्या लोकगीत-संग्रहात नोकरी. इथल्या मराठी बायकांची जुनी गाणी ध्वनिमुद्रित करायची आणि त्यांचा अर्थ सांगून तोही ध्वनिमुद्रित करायचा. आई म्हणते, सीमंतिनीला लहानपणापासून नसत्या उठाठेवी करायची खोड. आता त्या खोडीचाच पगार मिळणार.

१० ऑगस्ट, रविवार

खजिना सापडला, तोही आमच्याच जिन्याखाली! शांताताई मेथी निवडताना काहीतरी गुणगुणत होत्या. मी आर्जवं करून करून गाणं पुरतं म्हणवून घेतलं. त्याला त्या 'वाटेचं गाणं' म्हणतात. दर वर्षी गौरी यायच्या आधी घरातल्या बाईनं ते म्हणायचंच असतं म्हणे.

*गोदेच्या काठी गं, हातीचा चुडा दिला,*
*घे बाई, घाल बाई, वाट दे मला.*

*तापीच्या पाण्यात, पायीची जोडवी,*
*घे बाई, घाल बाई, चाल तू थोडी.*

*नर्मदेच्या तीरी गं, कपाळीचं कुंकू,*
*घे बाई, लाव बाई, नको अशी थांबू.*

*सिंधेच्या वळणी गं, गळ्यातला सूर दिला,*
*घे बाई, बोल बाई, मुकेपण मला.*

चाल अंगाईची आहे आणि शब्द असे! दक्षिणेतून ग्वाल्हेरला येताना शेवटची मोठी नदी सिंध. म्हणजे फौजेमागून चालणाऱ्या बाईनं प्रत्येक नदीला काहीतरी देऊन वाट मागितली. मी विचारलं, पाचवं कडवं कुठंय? सिंध ओलांडून ती घरी पोचलीच असेल ना? शांताताई म्हणाल्या, पाचवं नाही. आणि हे गाणं म्हणायचं असतं, "समजावत नाहीत, बेटा." समजावलं तर काय होतं, यावर त्यांनी मेथी उचलली आणि आत गेल्या. असल्या गोष्टी ऐकल्या की मला तर चेवच येतो.

संध्याकाळी मी नि सोनिका गौरी-गौरी खेळलो. साताऱ्याला आमच्याकडे गौर दाराशी आली की विचारतात, कोण आलं? आतलं पोर ओरडतं, गौर आली! सोनिकाला हा खेळ इतका आवडला की तिची बाहुली दाराशी दहादा तरी येऊन गेली. खालून महिपतराव जिना चढून आले. एरवी हसतमुख असतात, पण आज सोनिकाला म्हणाले, हे इथं नाही खेळायचं. त्यांच्याकडे गौर आणताना बायका तोंडात पाण्याची गुळणी धरतात, म्हणजे कुणी काही विचारायला नको आणि कुणी उत्तर द्यायला नको. घरोघरी रीत वेगळी असते, मी लिहून ठेवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

पहिल्या कडव्याचा अर्थ काल ध्वनिमुद्रित केला. आमचे संचालक हेमेंद्र इथलेच, तरुण आहेत, उत्साहाला तोटा नाही. ऐकून म्हणाले, "मॅडम, एकदम कमाल. बस, पाचवा अंतरा कुठूनही काढा ना."

आज माझी बांगडी हरवली. आईनं दिलेली सोन्याची. मनगटात इतकी घट्ट होती की साबण लावूनही निघायची नाही. मोरीत, गादीखाली, रिक्षात, सगळीकडे शोधली. वाईट वाटलं, रडलेही थोडी.

१६ ऑगस्ट, शनिवार

दुसऱ्या कडव्याचा अर्थ सांगून झाला. दुपारी पाय धुताना पाहिलं तर दोन्ही जोडवी नाहीत. बोटांवर नुसते पांढरे वळ. एक हरवेल, पण दोन्ही पायांतली एकदम?

जिना चढताना मागून आवाज आला. फरशीवर जोडव्यांचा होतो तो. मी थांबले तर तोही थांबला. मागे वळले, तर जिन्यात लख्ख ऊन आणि कोणी नाही. गाण्याशी सांगड घालायचा मोह होतोय, पण मी काही पाचवीतली मुलगी नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सापडलं! इतके दिवस मी मूर्खासारखी चुकीचा अर्थ सांगत होते. दुसरं कडवं पुन्हा ऐकलं. जोडवी घाल आणि चाल तू थोडी. नदीला कोण म्हणेल जोडवी घालून चाल म्हणून? हे नदीशी बोलणंच नाही. बाईच्या मागून दुसरी कोणीतरी चालते आहे. ही प्रत्येक नदीवर तिला एकेक वस्तू देते आणि म्हणते, घे, पण मला जाऊ दे. ती घेते आणि तरी मागून येतेच.

या आनंदात तिसऱ्या कडव्याचा अर्थ ताबडतोब ध्वनिमुद्रित केला. हेमेंद्रांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर टिकली लावली, पडली. दुसरी लावली, तीही पडली. मग कुंकू लावलं. आरशात बघता बघता ते पुसट झालं आणि गेलं. बोटाला लाल राहिलं, कपाळ कोरडं. मी डबी बंद केली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेतून सोनिकाला आणायला गेले तर दारावरचा शिपाई म्हणाला, आप फिर आ गईं? मधल्या सुट्टीत मी फाटकापाशी येऊन उभी होते म्हणे. सोनिका म्हणाली, हो, तू आली होतीस, तू बांगडी घातली होतीस, सापडली ना? मी हाक मारली तर तू नुसतीच हसलीस. आई, तू बोलली का नाहीस?

मधल्या सुट्टीत मी ऑफिसात होते.

हेमेंद्रांना सांगितलं की चौथं कडवं मी करणार नाही. ते म्हणाले, तबियत ठीक नसेल तर आराम करा, फिकर नको. यशोधनला मेसेज पाठवलाय. जहाज समुद्रात आहे, एकच टिक दिसते. सोनिकाला आता शाळेत पाठवत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर काही झालं नाही. खाली गणपती बसले, आरत्या झाल्या, मी गाण्याचं नाव काढलं नाही आणि वाटलं, संपलं.

आज शांताताईंनी मदतीला बोलावलं. गौरीचा सांगाडा काढून साडी बेतून बघत होत्या. मी बघत बसले. आधी हातांत बांगड्या. मग पायांशी जोडवी. मग मुखवट्याला कुंकू. तोच क्रम. मी विचारलं, आमच्याकडे गौरीपुढे बाळ ठेवतात, तुमचं कुठंय? शांताताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आमच्या गौरीला बाळ नसतं.

आणि मी बोलले. भीती होती, राग होता, पण त्याहून मोठं म्हणजे उत्तर सापडल्यावर गप्प बसणं मला कधी जमलेलंच नाही. म्हटलं, शांताताई, हे गाणं ती काय काय गमावते याचं नाहीच. ती दुसरीला सजवते आहे. एकेक दागिना घालून बाई उभी करते आहे, आणि चौथ्या कडव्यात तिला स्वतःचा आवाज देते, म्हणजे आता ती बोलेल नि ही...

शांताताईंनी माझ्या तोंडावर हात दाबला, पण तोवर सांगून झालं होतं. त्यांच्या हाताला मेंदीचा वास होता. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "मी म्हणून राहिले होते ना, समजावू नको!" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी सोनिकाला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही. घसा दुखत नाही, सूज नाही. खोकलासुद्धा निघत नाही.

महिपतराव वर आले. उभ्यानंच बोलले. ते सोनिकाएवढे असताना कोणी मास्तर गाणी गोळा करायला आले होते, त्यांच्या आईनं चारी कडव्यांचा अर्थ सांगितला. मग आई मुकी झाली. गौरी आल्या त्या दिवशी ती आतल्या खोलीत यांना पोटाशी धरून बसली होती. बाहेरून तिच्याच आवाजात कोणी विचारलं, कोण आलं? हे म्हणाले, आई.

मागे वळून पाहिलं तर खोलीत कोणी नव्हतं. दारात आई उभी. पुढे तिनंच वाढवलं. वाईट नव्हती, असं म्हणाले. लग्नही तिनंच लावून दिलं. पण कुशीत घेतलं की तिच्या अंगाला नदीच्या पाण्याचा वास यायचा.

मी कागदावर लिहून विचारलं, पळून जाऊ? ते म्हणाले, ती मागूनच चालते, कुठं जाशील? उंबऱ्याच्या आत राहा. उद्या गौरी येतील. कोण आलं याचं उत्तर पोरीनं दिलं नाही, तर विसर्जनाला ती सिंधेपलीकडे परत जाते आणि घेतलेलं देते. फक्त उत्तर द्यायचं नाही.

सोनिकाला हे कसं सांगू? तोंडानं सांगता येत नाही. महिपतरावांनी तिला समजावलं. ती हसली. तिला खेळच वाटतोय.

३१ ऑगस्ट, रविवार

दुपार. दार लावलंय, कडी घातलीय, टेबल सरकवून ठेवलंय. खाली बायका गुळण्या धरून गौर आणायला निघाल्या. घरभर शांतता.

सोनिका माझ्याकडे येत नाही. काल रात्रीपासून लांब लांब बसते. आई, तू बोल ना, म्हणते. मी बोलत नाही म्हणून रुसली आहे. माझी सोनू माझ्यावर —

जिना. जोडवी वाजतात. एकेक पायरी.

थांबली. दाराशी.

गाते आहे — माझ्या आवाजात — सोनूला झोपवताना मी काढते तोच —

*उंबऱ्याच्या आत गं, मांडीवरचं बाळ,*
*आई तुला म्हणेल ते, तूच त्याला सांभाळ.*

सोनू उठली. दाराकडे बघते आहे, मग माझ्याकडे. चेहरा खुलला तिचा. मी हात धरला तर सोडवून घेते. माझा हात हलका लागतो तिला. माझं ऐकत नाही, ऐकणार कशी — पण वाचेल. अक्षरं दिसली की वाचतेच. इथंच मोठ्या अक्षरात लिहिते —

सोनू, इकडे बघ.

बघितलं! आली. बोट ठेवलं. वाचते आहे. शहाणी माझी बाय ती.

दार उघडू नको.

दा र. उ घ डू. न को. वाचलं. थांबली. देवा, थांबली.

बाहेर आहे ती तुझी आई नाही.

बोट ठेवलंय. बा हे र.

बाहेरून विचारते आहे, कोण आलं गं सोनू? कोण आलं?

सोनू वाचतेच आहे, मोठ्यानं — आ हे. ती. तु झी —

नको. पुढचा शब्द — मी काय लिहिलं हे — तो शब्द वाचू नको, सोनू, तो खोडते, बोट काढ, बोट का