बाथरूमच्या काचेवर सात लून

१७ मे, रविवार
संकल्प: खालच्या बाथरूमची काच मी स्वतः दुधी करणार.
कारण ६ जूनला ब्रिटाची शाळा संपल्याची ग्रॅज्युएशन पार्टी. पोरीचा मोठा दिवस. मागच्या अंगणात शंभर माणसं, त्यांना बाथरूम एक, आणि तिची खिडकी नेमकी अंगणाकडे. पडदा होता, तो मी ईस्टरला काढून टाकला. जुना झाला होता. माझी बायको मार्लिस म्हणाली, नवीन लावतोस की ड्युएनला बोलावू? ड्युएन म्हणजे तिचा भाऊ. ह्या घरातला एकूण एक खिळा त्याने ठोकलाय. पोर ऑगस्टमध्ये कॉलेजला चालली, जाण्याआधी बापाच्या हातचं एक तरी काम तिने बघावं की नाही?
दुकानात स्प्रेची डबी मिळाली. फवारा, की काच दुधी. पडदे कल्पनाशक्ती नसलेल्यांसाठी.

१९ मे, मंगळवार, सकाळी
डबीवर लिहिलंय, थंडीत वापरू नये. तळ्यात अजून बर्फाचे तुकडे तरंगतायत, आणि हीटर मी १ मे रोजी बंद करतो. तत्त्व आहे. पण असल्या सूचना इतर राज्यांतल्या नाजूक लोकांसाठी असतात. मिनेसोटाच्या माणसाला ही थंडी म्हणजे उन्हाळाच. हाफपँट घालून फवारलं.

१९ मे, संध्याकाळी
रंग ओघळला. खिडकीला दाढी आल्यासारखी दिसते. दोष डबीचा.
ड्युएनला कळू देऊ नकोस असं मार्लिसला सांगितलं. म्हणाली, कळलंय त्याला.

२५ मे, सोमवार
सुट्टी. ओघळ ब्लेडने खरवडले. एक बोट कापलं. हीटर लावला (तत्त्वाला आजच्यापुरती रजा).
नुसती दुधी काच कुणीही करेल. नक्षी हवी! चिकट कागदातून सात लून कापले. बदकासारखा हा पाणपक्षी आपला राज्यपक्षी, तळ्याकाठी राहून दुसरं काय काढणार? कागदी पक्षी काचेवर चिकटवायचे, वरून फवारायचं, सुकलं की कागद सोलायचे. सगळ्यात मोठा लून बरोबर मध्यावर लावला. बसणाऱ्याला तेवढीच करमणूक.

२६ मे, मंगळवार
दोन डब्या संपवल्या. डोळे जपायला हवेत म्हणून चष्मा आठवणीने घातला. नळ, आरसा आणि मार्लिसचा टूथब्रशही थोडे दुधी झालेत. सगळं एकमेकांना शोभून दिसतं.
सुकल्यावर कागद सोलले. मार्लिस म्हणाली, वेगळं आहे. आमच्याकडे ह्याहून मोठं कौतुक नसतं.
दुपारपासून तळ्यावरून धुकं आलंय.

३० मे, शनिवार
धुकं हटायला तयार नाही. मार्लिस म्हणाली, कसलं धुकं? ती हल्ली निसर्गाकडे बघतच नाही.
ब्रिटा हळूच म्हणाली, बाबा, माझा अख्खा वर्ग येणार आहे, आपली शोभा नको हं व्हायला. लगेच चाचणी घेतली. मार्लिसला बाथरूममध्ये उभं केलं आणि मी अंगणात गेलो. ती दिसली नाही. काहीच दिसलं नाही. खिडकीसुद्धा जेमतेम. शंभर टक्के यश!
मार्लिस आतून ओरडून सांगत होती की तिला मी स्वच्छ दिसतोय. दिसणारच. मी उजेडात होतो.

६ जून, शनिवार, संध्याकाळी
पार्टी. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, तीन तऱ्हेच्या जेली. ब्रिटा ग्रॅज्युएशनचा गाऊन घालून सगळ्यांना भेटत होती. ऊर भरून आला.
दोनच्या सुमारास आमच्या चर्चचे पास्टर हेगन बाथरूममध्ये गेले. आणि गंमत बघा, अंगणातली माणसं एकेक करून उठली, खुर्च्या उचलल्या आणि गॅरेजकडे तोंड करून बसली. गॅरेज मी कालच झाडलं होतं, मेहनत वाया जात नाही. शेजारच्या बाईंना मुद्दाम विचारलं, खिडकी कशी वाटली? मान न वळवता म्हणाल्या, वेगळी आहे.
पास्टर बाहेर आले ते थेट गाडीत बसून गेले. केकसुद्धा खाल्ला नाही. कुठे बाप्तिस्मा असेल.
मग ब्रिटाने अंगातला गाऊन उतरवला, आत गेली आणि खिडकीवर टांगून आली. तिचे बाकीचे सगळे फोटो साध्या फ्रॉकमध्ये. माझी नक्षी झाकलीस का, म्हणून विचारलं तर तोंड फिरवून निघून गेली. रडत असावी. ह्या धुक्यात नीट दिसलं नाही.

७ जून, रविवार
सकाळी ब्रिटाने माझ्या नाकावरचा चष्मा काढला, नखांचा रंग पुसायच्या औषधाने घासला आणि परत बसवला. धुकं गेलं.
म्हणाली, आता बघ, बाबा.
आधी तिचाच चेहरा दिसला. डोळे सुजलेले. माझ्यामुळे. सॉरी म्हटलं. म्हणाली, असू दे. त्याने जास्तच लागलं.
अंगणात गेलो. गाऊन निघाला होता. सातही लून आरपार स्वच्छ. जिथे कागद चिकटवला होता तिथे रंग बसलाच नव्हता. मधल्या मोठ्या लूनमधून अख्खा कमोड दिसतो.
आत ड्युएन पडदा लावत होता. तो पडदा १७ मेपासून त्याच्या गाडीत पडून होता. मार्लिसनेच आणून दिला होता.
ड्युएनने मधल्या लूनमधून मला हात केला. मीही केला.