खालून बघताना

९ जानेवारी

चि. भावजींना अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नका. फोन केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की हे पलीकडच्या खोलीत कान देऊन बसतात आणि मग दिवसभर विचारत राहतात, माझ्याबद्दल काय चाललं होतं म्हणून. पत्र लिहिताना निदान त्यांना वाटतं की मी वाण्याची यादी करतेय.

तुमच्या दादांचं काही खरं नाही. यार्डातल्या त्या अपघाताला आता वर्ष होत आलं. वाऱ्याचा झोत येऊन क्रेनला टांगलेला पाइपांचा जुडगा फिरला, खाली उभ्या असलेल्या शिट्टीला लागला आणि तो जागीच गेला, त्या दिवसापासून हे क्रेनच्या केबिनमध्ये चढलेले नाहीत. शिट्टीला तुम्ही आपल्याकडे जेवताना पाहिलंय. हातात वायरलेस असूनही शिट्टी मारूनच इशारे द्यायचा, म्हणून ते नाव पडलं. हे वर आणि तो खाली, इतकी वर्षं तसंच चाललं. चौकशीत ठरलं की चूक शिट्टीचीच. मोकळी जागा होती, वेळ होता, तरी तो बाजूला झाला नाही. यांनीही जबाबात तेच सांगितलं, कारण वरून त्यांना तसंच दिसलं. कंपनीने त्याच्या बायकोला रिकाम्या हाताने परत पाठवलं. आणि हे खिडकीपाशी बसून एकच प्रश्न उगाळतात, की तो बाजूला का झाला नाही. कधी कधी तर त्याच्यावर चिडतात, जसा काही तो कामावर दांडी मारून गेलाय.

एप्रिलमध्ये यांची पुन्हा चाचणी आहे. हात स्थिर असले तर केबिन परत मिळेल. पण चहाचा कप बशीवर वाजतो, भावजी. डॉक्टर म्हणाले की हातांना काहीतरी बारीक काम द्या. परवा यांनी आपणहून तुमच्या त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरची चौकशी केली, तोच तुमचा भुंगा, ज्याने शेजाऱ्यांची कुंडी फोडली होती. वर्षभरात यांनी कशाची तरी चौकशी केली, म्हणून मी हे पत्र लिहायला बसले. पण खरं हेलिकॉप्टर घरात नको. त्याला पाती असतात. मी हल्ली सुऱ्यासुद्धा कुलपात ठेवते, यापेक्षा जास्त लिहीत नाही. कॉम्प्युटरवर शिकायचं काहीतरी असतं म्हणे. परवडणारं कोणतं, ते सांगा.

तुमच्या भरवशावर आहे, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी

१७ जानेवारी

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

कुलपाचं वाचलं. त्यावर भेटल्यावर बोलू, आत्ता कामाचं लिहितो.

कॉम्प्युटरवर शिकायच्या त्या प्रकाराला सिम्युलेटर म्हणतात आणि आमच्या मैदानावर त्यावरून रोज भांडणं होतात. एक आहे महागडा. गवताचं पातं न् पातं दिसतं, ढग चालतात, आणि तो चालवायला तुझ्या लेकीने घरी सोडलेला जुना कॉम्प्युटर पुरणार नाही. तो विसर. दुसरा फुकट मिळतो. पण त्यातलं हेलिकॉप्टर फुग्यासारखं तरंगतं, त्याला वजनच नाही. त्यावर शिकलेला माणूस मैदानात आला की पहिल्याच दिवशी तोंडावर आपटतो. मी स्वतः आपटलोय, त्या कुंडीला विचार. तिसरा दिसायला अगदी दरिद्री आहे. हिरवं मैदान, निळं आकाश, झाड एकच आणि तेही पुठ्ठ्याचं वाटतं. पण त्यातलं यंत्र जड आहे. वाऱ्याने ढकललं जातं, हात जरा उशिरा हलला की निसटतं. किंमत बेताची, जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. मी डोळे मिटून तिसरा घ्यायला सांगेन.

एक मात्र पाळायचं. कॉम्प्युटरच्या बटणांवर किंवा पोरांच्या खेळण्यातल्या दांडीवर शिकू देऊ नकोस, हाताला भलतीच सवय लागते. माझा जुना रिमोट आणि त्याची वायर सोबत पाठवतोय. खऱ्या हेलिकॉप्टरलाही हाच असतो. दोन दांड्या, दोन अंगठे, बस. तिसऱ्याचं पाकीटही मी पाठवणार होतो, पण दादाला माझ्याकडून काही घ्यायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, तेव्हा आधी त्याच्याशी बोल.

आशीर्वाद असू दे, आणि त्यातला थोडा स्वतःसाठीही ठेव.

तुझा धाकटा दीर

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा रिमोट पोचला. वहिनीला लिहिलेलं तुझं व्याख्यान मी वाचलं. ती लपवते तिथूनच काढून वाचलं. तिसरा घे, तिसरा घे म्हणून तू कानीकपाळी ओरडलास, पण फुकट मिळत असताना विकत घ्यायला मी काय तुझ्यासारखा बिनबायकोचा आहे? फुकटवालाच लावून घेतला.

आणि ऐक. तू महिनाभर नुसता आदळत होतास ना? मी दुसऱ्या दिवशी उडवलं. त्यात एक सोय आहे, हेलिकॉप्टरच्या आत बसून चालवायची. समोर काच, खाली जमीन, हातात दांड्या. माझ्या केबिनसारखंच आहे रे सगळं. छपरावर उतरवलं, झाडाला वळसा घातला, परत आणलं. अंगठे थरथरले नाहीत. तुझी वहिनी मागे उभी राहून डोळे पुसत होती, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

एप्रिलची चाचणी मी देणार. वर बसलो की मला सगळं नीट दिसतं, आधीपासूनच. त्या दिवशीही दिसलं होतं. जुडगा हळूच फिरला, शिट्टी तोंड वर करून उभा होता, बघत होता त्याच्याकडे. दोन पावलं सरकला असता तरी भागलं असतं. का नाही सरकला, ते एकदा कुणी सांगितलं तर मी सुखाने झोपेन. असो.

खुशाली कळव, आणि मोठ्याचं मोठेपण असंच सांभाळून घे.

तुझा दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की मैदानावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि सगळे हसले. रागावू नकोस. दादा, त्याला उडवणं म्हणत नाहीत. मैदानात तुला कुणी उचलून त्या हातभर यंत्रात बसवणार आहे का? आमचा सगळा खेळ जमिनीवर उभं राहून, मान वर करून चालतो. यंत्र तिकडे आणि आपण इकडे. त्याची शेपटी आपल्याकडे असते तोवर सगळे शूर. त्याने एकदा का तोंड आपल्याकडे वळवलं की उजवं डावं होतं आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते.

तेव्हा तुझी हरकत धाब्यावर बसवून तिसऱ्याचं पाकीट पाठवतोय. त्यात आत बसायची सोय नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. आणखी एक. यंत्र लांब गेलं की आपोआप मोठं करून दाखवायची एक सोय त्यात असते, ती बंद कर. डोळ्याला अंतर समजेनासं होतं तिच्यामुळे. उभा राहा, खालून बघ आणि पहिले पंधरा दिवस मुकाट्याने आदळ. मोडलं तर एक बटण दाबलं की पुन्हा अख्खं.

वहिनीला नमस्कार. मी हसलो त्याबद्दल एक शिवी उधार ठेव, पण माझ्यावरचा जीव उधार ठेवू नकोस.

तुझा धाकटा

२८ फेब्रुवारी

चि. भावजींना आशीर्वाद.

तुम्ही हे काय पाठवलंत?

आठवडाभर सगळं ठीक होतं. आदळत होते, तुम्हाला शिव्या घालत होते, मला बरं वाटत होतं. मग एके दिवशी त्यांच्या हातून ते सुटलं आणि सरळ त्यांच्याच रोखाने आलं. तेव्हापासून यांनी उडवणं सोडलंय. ते लांब नेतात, तोंड स्वतःकडे वळवतात आणि येऊ देतात. अंगावर येऊन आदळतं, बटण दाबतात, पुन्हा लांब नेतात. सकाळी तेच आणि दुपारी तेच. जेवायला हाक मारली तर ओ देत नाहीत. मी वायर काढून घेतली तर लहान मुलासारखे हात जोडले, म्हणून परत दिली.

काल मला खुर्चीत बसवलं. म्हणाले की बघत राहा, ते तुझ्याकडे यायला लागलं असं वाटलं की सांग. मी टक लावून बघत होते. ते आकाशात एका जागी उभं होतं, जरासुद्धा इकडेतिकडे हलत नव्हतं. मी वाट बघत बसले, की आता येईल, मग सांगते. आणि एकदम सगळा स्क्रीन काळा झाला. मी ओरडलेसुद्धा नाही. यांनी सांगितलं की ते पहिल्यापासून येतच होतं, पूर्ण वेगाने, पण सरळ माझ्याच रोखाने, म्हणून हलताना दिसलं नाही. मग पुन्हा दाखवलं, मला माहीत असूनही पुन्हा तसंच झालं.

यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले की शिट्टीला वेळ नव्हता गं, त्याच्या दृष्टीने जुडगा हललाच नाही, आणि मी सही करून सांगितलं की त्याला वेळ होता. मी वरून बाजूने बघत होतो, म्हणून मला तो फिरताना दिसला. ते रडले असते तर मी धीर दिला असता. ते रडत नाहीत, त्याची मला भीती वाटते. आता म्हणतात की ऑफिसात जाऊन जबाब बदलणार. तुम्ही काहीतरी लिहा. तुमचं ऐकतील.

आमच्यावर लक्ष असू द्या, सध्या एवढंच मागणं आहे.

वहिनी

५ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

इकडचं तिकडचं न लिहिता मुद्द्यावर येतो. वहिनीने सगळं कळवलं, आणि तू म्हणतोस ते खरं आहे. आमच्या मैदानावर प्रत्येकाला हा अनुभव आहे, मलाही आहे, आणि मी तुला साधी सूचनासुद्धा केली नाही, कारण मला ती खेळातली गोष्ट वाटत होती.

पण ऑफिसात जाऊ नकोस. त्याला वेळ नव्हता असं तू म्हणालास की ते विचारणार, मग जुडगा फिरला कसा, आणि तेवढ्या वाऱ्यात तो खाली कोण सोडत होतं. एप्रिल तोंडावर आलाय. त्याच्यासाठी तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास तरी तो उठून येणार नाही. वहिनीचा विचार कर. मी स्वार्थी बोलतोय हे मला कळतं, पण मला एकच भाऊ आहे.

माझं ऐकलंस तर उपकार, नाही ऐकलंस तरी माझा तू तोच.

धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालूनच ऑफिसात गेलो. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि मग अगदी तू लिहिलेलाच प्रश्न विचारला. मी म्हणालो, वारा वाढला होता, थांबायला हवं होतं, मी सोडत राहिलो. हेही मी आधी लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. चूक शिट्टीची ठरल्यावर पुढचं विचारायची कुणाला गरज पडली नाही. आता चौकशी पुन्हा उघडणार. एप्रिलच्या चाचणीला येऊ नका म्हणाले. कपाटातला डबा आणि स्वेटर घेऊन आलो. केबिन संपली, धाकट्या. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. यार्डाच्या फाटकाबाहेर येऊन बराच वेळ वर बघत उभा होतो.

मग शिट्टीच्या बायकोकडे जायचं होतं. तुझी वहिनी म्हणाली, एकट्याने नाही जायचं. कॉम्प्युटर रिक्षात घालून नेला. मला वाटलं होतं ती दारातूनच हाकलेल, हाकललं असतं तर बरं झालं असतं. तिने पाणी दिलं. म्हणाली, वर्षभर ती नवऱ्यावर चिडून आहे. एवढं दिसत असताना हलला नाही, आमचा विचार केला नाही, असं तिला वाटत होतं. सासरच्या माणसांसमोर त्याचं नाव काढायची तिला लाज वाटायची. हे मी केलं, माझ्या एका वाक्याने.

मी तिला खुर्चीत बसवून दाखवलं. ती हलली नाही. पुन्हा दाखवा म्हणाली. असं बऱ्याचदा झालं. मग तिने स्क्रीनवर हात ठेवला, जिथे ते उभं असल्यासारखं दिसतं तिथे, आणि पहिल्यांदा त्याच्यासाठी रडली. राग नसताना रडली, एवढंच मला कळलं.

निघताना तिने एकच विचारलं. म्हणजे त्यांना काही कळलंच नसेल ना, भीती वाटली नसेल ना.

आता तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. अगदी शेवटी एक क्षण असतो. ते एकदम फुगतं आणि सगळं कळतं. काय येतंय ते कळतं, आपल्यावरच येतंय ते कळतं, आणि पाय हलायच्या आत संपतं. मी तो क्षण महिनाभर रोज बघितलाय. ऑफिसात खरं बोलताना माझी जीभ अडखळली नव्हती. इथे मी म्हणालो, नाही, काहीच कळत नाही.

तिने माझा चेहरा निरखला आणि मग तुझ्या वहिनीकडे वळून विचारलं, तुम्ही बसला होतात ना या खुर्चीत, खरं का हे. तुझ्या वहिनीने तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं की हो, खरं आहे, काही कळत नाही.

तो शेवटचा क्षण तिनेही बघितला होता, आणि परत येताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला.

जमलं तर चार दिवस येऊन जा. तुझा आधार आहे असं धरून चालतो.

तुझा दादा