रिकामी पाकिटं

४ जून
खारूताईचं हिमोग्लोबिन ८.१. तीन महिन्यांपूर्वी ८.२. म्हणजे जैसे थे!
वय नऊ, सांधे सुजण्याचा जुना आजार. बोटं वळत नाहीत म्हणून पेला दोन्ही तळहातांत धरते, खारीसारखा — नाव मीच ठेवलं. रोज चार लोहयुक्त बिस्किटं लिहून दिली तीही मीच. इथली आहारतज्ज्ञ ना मी!
आईने पिशवी टेबलावर उपडी केली. रिकामी पाकिटं, प्रत्येकावर तारीख. "एक दिवस चुकवला नाही, मॅडम."
मी म्हटलं, "पाकीट रिकामं होणं वेगळं, पोटात जाणं वेगळं."
तिने एकेक पाकीट परत पिशवीत भरलं. पुढचा पेशंट आत आला.

५ जून
चारची सहा केली. फाइलीत शेरा — घरी देतात की नाही, शंका.

११ जून
मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फाइल मागवली. शेरा वाचून चष्मा काढला. हे लक्षण बरं नसतं.
"रक्तातली सूज किती आहे, बघितलीस?"
नव्हती बघितली. मी हिमोग्लोबिनच बघते.
"अगं, सूज एवढी चढलेली असताना शरीर लोह आत घेतच नाही. आतड्यातच अडवून ठेवतं. सहा दे नाहीतर साठ दे! आधी सूज उतरायला हवी. तोवर लोह शिरेतून द्यावं लागेल. आई काय करणार बिचारी?"
कॉलेजात शिकले होते हे. पाच मार्कांना लिहिलंही होतं.

१२ जून
शेरा खोडला. खाडाखोड दिसतेच. आईला फोन केला — उचलला नाही.

१७ जून
सूज उतरवायचं औषध बदललं. लोह सलाइनमधून. खारूताई सुईकडे बघत नाही, छताकडे बघते. आई दाराशी उभी.

८ जुलै
९.७! सूजही निम्म्यावर. डॉक्टरीणबाई खूश. आई हसली नाही. थकली असेल.

९ जुलै
आज तिला गाठून माफी मागितली. तोंडातल्या तोंडात, पण मागितली.
"तुमचं काही नाही हो, मॅडम. त्या दिवशी घरी जाऊन मी तिला मारलं. बिस्किटं कुठे फेकतेस, बोल, म्हणून. नाही नाही म्हणत होती. मग म्हणाली — हो, फेकते."