विहीणबाईंचं बेट

हॉर्नबी, ख्राइस्टचर्च
७ जानेवारी

अनुराधा विहीणबाई यांना वत्सलाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

इकडे मी क्षेम. तिकडचं क्षेम फोटोत दिसतं, विचारायला नको. शाळा मी दुसरीपर्यंत बघितली, तेव्हा अक्षर लावून वाचा. आमच्याकडे भाड्याने राहणारी श्रुती या कागदाचा फोटो काढून तुमच्या फोनवर धाडते.

काल तुमचा फोटो आला. अँटिग्वाजवळचं ते बेट, भाकरीच्या तव्याएवढं, आणि त्यावर तुम्ही टॉग्ज घालून. पोहायच्या कपड्यांना इथे टॉग्ज म्हणतात, असं श्रुती म्हणाली. मी म्हटलं, काही म्हणोत, या वयात विहीण भिजली हे खरं. पुण्यात पाऊस आला की दूध आणायला निघत नव्हता ना तुम्ही? टोपी मात्र शोभते. तिच्याखाली तोंड किती काळवंडलंय, ते घरी आरशात कळेल.

सिद्धी तुमच्या मांडीवर होती. एवढ्या बोटीत दुसरी जागा नव्हती? जन्मल्यापासून नातीला न्हाऊ घातलं मी, भरवलं मी. समुद्र दाखवायची वेळ आली तेव्हा मांडी तुमची.

देवळात भेटलेल्या बायका विचारतात, तुम्ही का नाही गेलात? गणेशने विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. आई, येतेस का म्हणाला. मी म्हटलं, मी कुठे येऊ बाबा, माझे गुडघे हे असे. आपल्यात पहिलं नको हे नको नसतं. पाव्हण्याने ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्याने हाताखालून वाढायचं. हा ओके म्हणाला आणि त्यांची तिघांची तिकिटं काढून मोकळा! इतकी वर्षं या देशात राहून पोरगा आग्रह विसरला. आणि तुमच्या लेकाने, वरुणने, अमेरिकेतून तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणे त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत.

लोभ आहे तेवढाच ठेवा. वाढवा म्हणत नाही, तुमच्याकडे आधीच पुष्कळ गोळा झालाय.

आपली,
वत्सला


अँटिग्वा
९ जानेवारी

आदरणीय वत्सलाताईंना, स. न. वि. वि.

पत्र मिळालं. टोपीचं कौतुक पोचलं, बाकीचंही पोचलं.

वरुणचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही, हे खरं आहे. हे गेल्यापासून माझ्या घरात दुसऱ्यांदा विचारणारं माणूस राहिलं नाही. मी एकदा नको म्हटलं की विषय संपतो. म्हणून हो म्हणायची घाई होते.

मांडीचं म्हणाल, तर सिद्धीला बोट लागली होती. ती माझ्या अंगावर ओकली, तो फोटो कुणी काढला नाही. दुसऱ्या बेटावर मला सुरेख शंख सापडला. तिने तो हातातून घेतला आणि इंग्रजीत बजावलं, की हा हॉर्नबीच्या आजीसाठी आहे. वाघाची गोष्ट सांगायला गेले तर म्हणाली, तू चुकीची सांगतेस, आजी वाघाला शिव्या देते. तुम्ही माझा हेवा करता ताई, मग मला तुमचा वाटतो तो मी कुणाला सांगू?

आता मुद्द्याचं. प्राची म्हणते, आई, इथून थेट हॉर्नबीला चल आणि सहा महिने राहा. पण झोपायला जागा एकच, तुमच्या आणि सिद्धीच्या खोलीत. या वेळी मी हो म्हटलेलं नाही. घर तुमचं आहे. नको असेल तर स्पष्ट लिहा. मी पुण्याचं तिकीट काढीन, आणि कारण प्राचीला कळणार नाही.

स्नेह कमी होऊ देऊ नये.

आपली,
अनुराधा


हॉर्नबी
१२ जानेवारी

अनुराधाबाईंना नमस्कार. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी ‘खोलीत जागा नाही’ असं एका कागदावर लिहून ठेवलं होतं. श्रुतीला फोटो काढू दिला नाही.

काल मीही बेट बघितलं. बेटं काय तुमच्याकडेच नाहीत. लिटलटन बंदरातून बोट जाते क्वेल बेटावर, श्रुतीला म्हटलं चल. भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून, वाऱ्याने पदर तोंडावर. तुमचं पाणी निळं, आमचं हिरवट, धुणं खळबळल्यासारखं. चढ आहे. गुडघ्यांना बोल लावत, श्रुतीचा हात धरून चढले आणि वर बसून धपाटे खाल्ले. तिने माझा फोटो काढला, कुणाला पाठवू म्हणाली. गणेशला पाठवून काय, तो अंगठा दाखवतो. म्हटलं, विहीणबाईंना पाठव, जळू दे जरा.

म्हटलं, आणि मग ध्यानात आलं. आख्ख्या या मुलखात मी बेटावर गेले काय न् घरी बसले काय, जळणारं कुणी नाही मला. श्रुती गोड पोरगी आहे, ती नुसती छान छान म्हणते. माणसाला जळायलासुद्धा ओळखीचं लागतं.

तर या. गणेशला फोनवर सांगून झालंय, मोठ्याने. पण ऐकून ठेवा. आमटीत तुमचा पुणेरी गूळ पडायचा नाही. वाघाला शिव्या मी देणार, तुम्ही हुंकार द्यायचा. आणि सिद्धीची गादी माझ्याजवळून हलायची नाही. तुमची खाट तिच्या पलीकडच्या अंगाला लावून घेते. झोपेत पोर कुणाकडे वळते, ते बघू.

धाकट्यांना आशीर्वाद. तुम्हाला लोभ, सध्या अर्धा.

आपली,
वत्सला